आखेनला चाललेय ऑक्टोबरपासून. बेळगाव-खानापूर-निपाणीकडचं कुणी आहे का तिकडं?

तांबडी माती · १२ जुलै २०२५

नमस्कार मंडळी. जर्मनीत आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळालाय. व्हिसाचे कागद बेंगळूरला देऊन आले. सगळं नीट झालं तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघेन.

मी खानापूर तालुक्यातली. दहावी मराठी माध्यमातून, पीयूसी (अकरावी-बारावी) आणि इंजिनिअरिंग बेळगावात. आमच्या घरात विमानात बसलेलं कुणी नाही. सांबऱ्याला विमान उतरताना बघायला मात्र सगळे जाऊन आलेत.

यूट्यूबवर पुण्या-मुंबईच्या मुलांचे पन्नासेक व्हिडिओ बघितले. बॅग कशी भरायची हे पाठ झालं, पण पोहोचल्यावर पहिले पंधरा दिवस नक्की काय करायचं ते डोक्यात बसत नाही. हॉस्टेलची खोली मिळालेली नाही, वेटिंगवर आहे. एक खाजगी खोली दिसली, मालक म्हणतो आधी ॲडव्हान्स पाठव. पाठवू का? हातात रोख किती ठेवू? आणि आईचा प्रश्न असा, की कुंदा किती किलो नेता येतो. (हसू नका, ती खरंच विचारतेय.)

निपाणीकर · १२ जुलै

अभिनंदन ताई! पहिलं उत्तर: पैसे पाठवू नका. खोली न बघता, करार हातात न येता एक युरोसुद्धा नाही. मी डॉर्टमुंडला आलो तेव्हा ६०० युरो असेच घालवलेत. मालक "सध्या परदेशात" होता, किल्ली कुरिअरनं येणार होती. किल्ली अजून येतेय, तीन वर्षं झाली. फोटो मात्र झकास होते, खिडकीत कुंडी वगैरे.

मार्कंडेय · १३ जुलै

मी आखेनमध्येच आहे, दोन वर्षं झाली. मूळचा कंग्राळीचा. जरा लांब लिहितो, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

खोली मिळेपर्यंत तात्पुरतं कुठेतरी राहावं लागेल. पण ती जागा अशी बघ, जिथं मालक 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' देईल. नाव घाबरवणारं आहे, कागद एक पानाचा: ही व्यक्ती माझ्या घरात अमुक तारखेपासून राहते, खाली सही. तो घेऊन घरात आल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्त्याची नोंद करायची. तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. ती झाली नाही की पुढचं सगळं अडतं. बँक, करक्रमांक, राहण्याचा परवाना, सगळ्यांना तोच कागद लागतो. तुझ्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो पडलेत, त्यातले महिन्याला ९९२ सुटतात. पण तेही इथं येऊन, इथलं चालू खातं उघडून, कागद चढवल्यावर. म्हणून पहिल्या महिन्या-दीड महिन्याचा खर्च वेगळा आण. थोडे रोख, बाकी फॉरेक्स कार्डावर. खोलीचं डिपॉझिट वेगळंच धर. कायद्यानं ते मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागता येतं. मूळ म्हणजे 'काल्ट', थंड भाडं. हीटिंग-पाणी धरून होतं ते 'वार्म'. जाहिरातीत आकडा बघितलास की हा थंड की गरम ते आधी विचार.

आता एक गोष्ट, जिच्यावर मी स्वतः तीन आठवडे घालवले. नोंदणी केली, खातं उघडलं, आणि वाट बघत बसलो. कार्ड येईना, पिन येईना, विम्याचं पत्र येईना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला पत्रपेटीपाशी नेऊन बोट दाखवलं. पेटीवर माझं नावच नव्हतं! इथं फ्लॅट नंबर लिहायची पद्धत सहसा नाही. पेटीवर आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. आमच्या गल्लीत पोस्टमन "कुणाच्या मारुतीचा पोरगा" एवढ्यावर घर शोधत यायचा, त्यामुळे हे डोक्यातच आलं नाही. वहीचा कागद फाडून आडनाव लिहिलं, चिकटपट्टीनं लावलं. चार दिवसांत पाच पाकिटं आली. तू पहिल्याच दिवशी लाव.

त्या पाकिटांतलं एक असतं रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. घरात टीव्ही असो नसो, प्रत्येक घरामागे महिना १८.३६ युरो. फसवणुकीचं पत्र वाटतं, पण खरं असतं. तिघं-चौघं एका फ्लॅटमध्ये असाल तर एकानंच भरायचं आणि वाटून घ्यायचं.

आणि खास आपल्या लोकांसाठी. आखेन सीमेवरचं गाव आहे. बसनं वीसेक मिनिटांत व्हाल्स लागतं, ते नेदरलँड्स. जवळच एक टेकडी आहे, तिथं जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम एका दगडाशी मिळतात. व्हाल्समध्ये खोली स्वस्त दिसली तर भुलू नकोस. युरोपातली पोरं तिथं राहून इकडं शिकतात, पण आपला व्हिसा जर्मनीचा. राहायचं जर्मनीतच. महाराष्ट्रातल्या शिनोळीत राहून रोज बेळगावच्या उद्यमबागेत कामाला येणारे आपल्याकडं किती आहेत, म्हणून हे चालेल असं वाटतं. नाही चालत. फिरायला, बाजाराला खुशाल जा.

निपाणीकर · १३ जुलै

मार्कंडेय, एकदम बरोबर. पहिल्यांदा बसनं व्हाल्सला गेलो आणि मोबाईलवर "वेलकम" आलं, तेव्हा मी आपल्या हद्दीवरच्या कोगनोळीसारखा नाका शोधत होतो.

वडगावची मावशी · १४ जुलै

मुली, कुंद्याचं मी सांगते. माझा मुलगा तिकडं असतो. दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात स्वतःच्या सामानातून न्यायला बंदी आहे. कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच की. तूप पण त्यातच आलं. फळांत नारळ, केळी, अननस, खजूर चालतं, आंबा चालत नाही. कढीपत्ता ताजा नको. आईला सांग, गोकाकचं कर्दंट दे म्हणून. सुकामेवा, डिंक, गूळ, दोन महिने टिकतं. फक्त तुपात आहे का ते दुकानात विचारून घ्या. शेंगाचटणी, जवसाची चटणी, मेतकूट द्या. भाकरीचं पीठ न्यायच्या भानगडीत पडू नको, वजन खातं. मुलानं परातच नेली होती, आता त्यात तो कपडे भिजवतो म्हणे.

चोर्ला घाट · १४ जुलै

मी गेल्या वर्षी दीड किलो कुंदा नेला. कुणी बघितलं पण नाही.

मार्कंडेय · १४ जुलै

नाही बघितलं म्हणून चालतं असं नव्हे. पकडलं तर माल जातो, वर दंड. पहिल्यांदा देशात पाऊल टाकणाऱ्या पोरीला असला सल्ला देऊ नका राव.

संकेश्वरी · १५ जुलै

चटणीवरून मिरची आठवली. माझं नाव बघून ओळखलं असेलच कुठली ते.

आल्यावर दुसऱ्याच रविवारी हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात पिठलं करायला घेतलं. तेल तापलं, मोहरी तडतडली, आईनं दिलेल्या संकेश्वरी मिरच्या चार तोडून टाकल्या. आपल्याकडं मागचं दार उघडं असतं, ठसका अंगणात जातो. इथं खिडकी बंद, बाहेर थंडी. धूर झाला म्हणून मी शहाणपणानं काय केलं, तर पॅसेजचं दार उघडलं. पॅसेजमधला भोंगा सरळ अग्निशमन दलाला जोडलेला असतो हे मला काय माहीत. सहा मजले खाली अंगणात, कुणी चपलेत, कुणी टॉवेलवर, आणि मी हातात झारा घेऊन. गाडी आली, दोन गडी आत गेले. एकजण जोरजोरात खोकत बाहेर आला आणि हाउसमाइस्टरला (इमारतीची देखभाल बघणाऱ्याला) काहीतरी म्हणाला. मला एकच शब्द कळला, 'शार्फ'. तिखट!

म्हणून सांगते: फोडणी करताना चिमणी पूर्ण वेगानं, खिडकी उघडी, पॅसेजचं दार बंद. आणि मिरची गॅस बारीक करून. गॅस म्हणते, पण असते विजेची शेगडी. ती बंद केल्यावरही तापलेलीच राहते, पिठलं खाली लागतं.

त्या मजल्यावर आजही मला सगळे ओळखतात. एक तुर्की मुलगी तेव्हापासून महिन्यातून एकदा मिरची मागायला येते.

गणपत गल्ली · १७ जुलै

ताईंच्या धाग्यात घुसतोय, माफ करा. मी पुढच्या वर्षीची तयारी करूलोय. माझ्या एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर आडनाव आणि पुढं नुसती अक्षरं, पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. जन्मदाखल्यावर बेल्गाम, आधारवर बेळगावी. इथला एक एजंट म्हणतो, हे सगळं बदलून घ्यायला लागतंय, चाळीस हजार दे. आणि व्हिसा मुंबईहून लावू, लवकर होतो. काय करू?

मार्कंडेय · १७ जुलै

एजंटला नमस्कार कर आणि चालू लाग.

आद्याक्षरांचा घोळ कर्नाटकातल्या अर्ध्या पोरांचा असतो. नोटरीकडं प्रतिज्ञापत्र कर, की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची. इंग्रजीत, दोन्ही नावं कागदावर आहेत तश्शी लिहून. माझं त्यावरच निभावलं. एपीएसचं प्रमाणपत्र (आपले शिक्षणाचे कागद खरे असल्याचा दाखला) मात्र लवकर मागव. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना ते लागतंच, फी १८,००० रुपये, आणि ते हातात असल्याशिवाय व्हिसाचं पुढं सरकत नाही. ट्रान्सक्रिप्ट वगैरेसाठी आपण नशीबवान, आपल्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाचं, व्हीटीयूचं, मुख्यालय बेळगावजवळ मच्छ्याला. मंगळूरच्या पोरांना रात्रभर बसमधून यावं लागतं, आपण सिटी बसनं जातो.

गावाच्या नावाचं म्हणशील तर, १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं. त्याआधीचे कागद एका नावाचे, नंतरचे दुसऱ्या. मला पालिकेतल्या बाईंनी विचारलं होतं, ही दोन वेगळी गावं का? म्हटलं एकच. मग दोन नावं कशाला? आता ह्याचं उत्तर द्यायला माझं जर्मन पुरलं नसतं, आणि मराठीत सांगायलाही अर्धा दिवस लागला असता. म्हटलं, पासपोर्टवर आहे ते लिहा. तेवढंच करायचं. प्रत्येक फॉर्मवर पासपोर्टचं स्पेलिंग.

आणि मुंबई नाही. राहण्याचा पत्ता कर्नाटकातला, तर जर्मन वकिलात बेंगळूरची. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात असू दे, व्हिसा बेंगळूरलाच.

तांबडी माती · १८ जुलै

सगळ्यांचे खूप आभार. ॲडव्हान्स पाठवला नाही. मालकाला व्हिडिओ कॉलवर खोली दाखवा म्हटलं, तेव्हापासून तो गप्प आहे.

मार्कंडेय दादा, एक विचारू? भाषेचं किती अडतं? माझं जर्मनचं ए-१ (पहिली पातळी) झालंय, कोर्स इंग्रजीत आहे.

मार्कंडेय · १८ जुलै

खरं सांगू, मला पहिले सहा महिने बोलणं जमलं नाही, पण कागदांनी कधी घाबरवलं नाही. माझे आजोबा मराठी चौथी शिकलेले. जमिनीचा उतारा यायचा कन्नडमध्ये. त्यांना एक अक्षर वाचता यायचं नाही, पण सर्व्हे नंबर कुठल्या रकान्यात, आपलं नाव कितव्या ओळीत, बोजा चढला की कुठं चढतो, हे बोट ठेवून दाखवायचे. तलाठ्यानं चूक केली तर पकडायचे. जर्मन पत्र आलं की मी तेच करतो. आधी तारीख शोधायची, मग आकडा, मग 'फ्रिस्ट' शब्द. फ्रिस्ट म्हणजे मुदत. त्या शब्दाशेजारची तारीख भिंतीवर लिहायची, मग निवांत भाषांतर करायचं. माझ्या वर्गातला पुण्याचा मित्र पत्र आलं की आठ दिवस उघडतच नाही. त्याला आयुष्यात न कळणाऱ्या भाषेत कागद आलेलाच नव्हता. आपलं बालपण त्यातच गेलं.

चोर्ला घाट · १९ जुलै

हे असलं ऐकायला गोड वाटतं, पण मला पटत नाही. मी मागच्या वर्षी कुंदा आणला ती चूक मान्य. भाषेच्या बाबतीत मात्र माझं ऐका.

"आपल्याला चार भाषा येतात, पाचवी काय" म्हणून मी पहिलं वर्ष जर्मनचा क्लास टाळला. बोट ठेवून उतारा वाचता येतो, बोट ठेवून दोस्ती करता येत नाही. लॅबमध्ये सगळे माझ्याशी इंग्रजी बोलायचे, आणि चहाला गेले की जर्मन. मी कप धरून हसत उभा. तेव्हा मला आमच्या शेजारच्या सोलापूरच्या काकू आठवल्या, लग्न होऊन शहापुरात आल्या, कन्नड येईना म्हणून दहा वर्षं भाजीवालीशीसुद्धा खुणेनं बोलल्या. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. आता माझी कोण करत असेल देव जाणे.

पार्टटाइम कामाचंही तेच. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, किमान मजुरी तासाला १२.८२ युरो (हा २०२५ चा दर). पण जर्मन नसेल तर गोदामातली खोकी उचलायची. युनिव्हर्सिटीतलं असिस्टंटचं काम मिळालं तर सोनं, पण त्याला प्रोफेसरनं तुला ओळखायला हवं. ए-१ वर थांबू नको. युनिव्हर्सिटीचे क्लास असतात, पहिल्या सेमिस्टरलाच नाव घाल.

मार्कंडेय · १९ जुलै

चहाच्या कपाचं खरं आहे. माझंही तसंच झालं, ते मी लिहिलं नाही एवढंच.

निपाणीकर · २० जुलै

परीक्षेबद्दल कुणी बोललंच नाही. ताई, आपल्याकडं "बॅक" राहिली तर पुढच्या सेमला काढू असं असतं. इथं एका विषयाला सहसा तीन संधी. तिसऱ्यांदा नापास झालात तर नुसता विषय जात नाही, त्या कोर्समधून नाव कमी होतं, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडंही करता येत नाही. तयारी नसेल तर मुदतीत परीक्षेतून नाव काढून घेता येतं, त्यात कमीपणा नाही. माझ्या ओळखीचा एकजण लाजेपोटी बसला आणि एक संधी फुकट घालवली.

गुण उलटे असतात ते घरी आधीच सांगून ठेवा. १.० म्हणजे सगळ्यात भारी, ४.० म्हणजे काठावर पास. मी आनंदानं फोन केला, आई १.७ मिळाले! आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "असू दे रे, तब्येत सांभाळ."

वडगावची मावशी · २० जुलै

माझ्या मुलानं पण असंच सांगितलं होतं. मी उपास धरला होता.

संकेश्वरी · २२ जुलै

अजून एक, हिवाळ्याचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागं जातात. भारताशी साडेतीन तासांचा फरक असतो तो साडेचार होतो. आईला सांगून ठेव, नाहीतर ती ठरलेल्या वेळी फोन धरून बसेल आणि तास उलटला की रडेल. डिसेंबरात सकाळी साडेआठला उजाडतं आणि साडेचारला काळोख. आपला पावसाळाही काळा असतो, खानापूरला तर विचारू नका, पण पावसाचा आवाज तरी असतो. इथं नुसतंच राखाडी. दुपारी अर्धा तास बाहेर चालून येत जा, अभ्यास कितीही असो. थंडीतही रोज दोनदा खिडकी सताड उघडायची, पाच-दहा मिनिटं. नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि डिपॉझिट कापतात.

तांबडी माती · २ नोव्हेंबर

धागा वर आणतेय. पोहोचले, महिना होईल. व्हिसा वेळेत आला, खोली मिळाली. पेटीवर नाव पहिल्या संध्याकाळी लावलं. पत्त्याची नोंद दहाव्या दिवशी झाली. जन्मगावाला कुणी काही विचारलं नाही, मी उत्तर तयार करून गेले होते ते तसंच राहिलं. जर्मनच्या क्लासला नाव घातलंय, चोर्ला दादा.

फ्लॅटमध्ये आम्ही तिघी. एक स्पेनची, आणि एक निघाली गदगची! पहिल्या दिवशी सामान चढवताना तिनं माझ्या बॅगेवरचं लेबल वाचलं आणि म्हणाली, "ऊट आयता?" (जेवण झालं का?) मला रडूच आलं. दहावीपर्यंत कन्नडच्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसायचे, आणि आता रात्री मोडकं कन्नड बोलत बसते. ती मराठी शिकतेय, पण फक्त भांडणापुरतं.

काल गंमत झाली. १ नोव्हेंबर, शनिवार. कर्नाटकचा राज्योत्सव, आणि सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस. सकाळी तिनं खोलीच्या खिडकीत लाल-पिवळा झेंडा लावला. मी काही बोलले नाही, तिनंही काही विचारलं नाही. फ्रिज उघडला तर दोन बटाटे आणि अर्धं लिंबू. म्हटलं सामान आणू. खाली गेलो तर सगळी दुकानं बंद. सगळ्या संतांचा सण, सरकारी सुट्टी. आणि आज रविवार, म्हणजे सलग दोन दिवस बंद. तेवढ्यात बाबांचा फोन. "आज हितं काळा दिवस, दुकानं बंद आहेत. तुमच्याकडं काय?" म्हटलं, इथंही बंद. बाबा म्हणाले, "तिथं पण?" संतांचं सांगितल्यावर त्यांना फार बरं वाटलं.

मग आम्ही दोघी बसनं व्हाल्सला गेलो. तिकडं सुट्टी नाही, अर्धं आखेन तिथंच पिशव्या घेऊन फिरत होतं. तांदूळ, दूध, कांदे घेतले. येताना मोबाईलवर पुन्हा "वेलकम" आलं, निपाणीकर दादांची आठवण झाली. नाका कुठं दिसला नाही.

घरी येऊन खिचडी केली, पॅसेजचं दार बंद ठेवून. जेवताना झेंड्यावरून नाही, पण कर्दंटावरून जोरात भांडण झालं. मी म्हणते गोकाकचं खरं, ती म्हणते अमीनगडचं. दोघींनीही आपापले डबे काढून स्पॅनिश मुलीला पंच केलं. तिनं दोन्हीकडचे तीन-तीन तुकडे खाल्ले आणि निकाल राखून ठेवला.

डबे आता तळाला लागलेत. डिसेंबरात तिकडून कुणी येणार असेल तर कळवा. गोकाकचं मिळालं तर बरं, पण कुठलंही चालेल.